हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन: ही हिरवाई आली कुठून?

दादरटीटी (धागाकर्ता)

फॅमिली ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. दादरच्या हिंदू कॉलनीच्या गल्लीचा फोटो, वर झाडांची कमान, आणि खाली मजकूर: 'इंग्रजांनी लंडनच्या धर्तीवर वसवलेलं मुंबईतलं गार्डन सबर्ब'. फोटो झकास आहे. मजकुराबद्दल मात्र चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, कारण खरी हकीकत फॉरवर्डपेक्षा बरीच रंगतदार आहे. ती सुरू होते बंदराजवळच्या मांडवीतल्या उंदरांपासून.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी (मूळचे गोव्याचे, मेट्रो सिनेमासमोर पुतळा आहे तेच) गाठीच्या प्लेगचं निदान केलं. बघता बघता लाखो लोकांनी मुंबई सोडून गाव गाठलं. गिरण्या ओस पडल्या, बंदराचा व्यापार अडला, तेव्हा कुठे सरकार हललं. त्या वेळची समजूत अशी, की रोग कोंदट हवेतून वाढतो. अरुंद गल्ल्या, एकावर एक चढलेल्या खोल्या, वारा नाही, ऊन नाही. मग १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला.

ट्रस्टची कामं दोन तऱ्हेची. एक, जुन्या शहरात पाडापाडी. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे आडवे रस्ते त्यातलेच; समुद्रावरचं वारं आत शिरावं हा हेतू. दुसरं, शहराच्या उत्तरेची शेतं, वाड्या, खाजणं ताब्यात घेऊन कोऱ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची. दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या त्या योजना. त्या कागदावर आल्या १८९९-१९०० च्या सुमारास. इंग्लंडातलं लेचवर्थ हे उद्यान-शहर सुरू झालं १९०३ मध्ये, आणि 'गार्डन सबर्ब' असं नाव मिरवणारं हॅम्पस्टेड १९०७ मध्ये. त्यामुळे 'लंडनच्या धर्तीवर' हे जरा जपूनच म्हणायला हवं.

बाकीच्यांनी भर घालावी. विशेषतः जुन्या माटुंगेकरांनी.

---

नुसतावाचक

उत्तम धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (तो फॉरवर्ड मलाही तीन ग्रुपवर आलाय.)

---

थेम्सकाठी

तारखांबद्दल सहमत. फक्त एक भर: लंडनमध्ये बेडफर्ड पार्क नावाची झाडाझाडांतली वसाहत १८७५ पासून होती, तेव्हा पानाफुलांच्या उपनगराची कल्पना इंग्रजांना अगदीच नवी नव्हती. एबेनेझर हॉवर्ड यांचं उद्यान-शहरांवरचं पुस्तकही १८९८ चंच, म्हणजे ट्रस्टच्या कायद्याच्याच वर्षाचं.

मी गेली बरीच वर्षं हॅम्पस्टेड गार्डन सबर्बपासून बसने थोड्या अंतरावर राहते. माहेर हिंदू कॉलनी. त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं थोडं सांगते.

हॅम्पस्टेडमागे होत्या हेन्रिएटा बार्नेट नावाच्या बाई. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीत त्यांनी नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेलं. त्यांचं म्हणणं, मजूर, कारकून, सावकार सगळ्यांनी एकाच वसाहतीत राहावं, आणि हीथ म्हणजे तिथलं माळरान सगळ्यांना चालत जाता येईल इतकं जवळ असावं. आखणी रेमंड अन्विन यांची. एकरी सरासरी आठच घरं. दोन घरांमध्ये भिंत नाही, हिरवं कुंपण. सगळे रस्ते झाडांचे. दारूचा गुत्ता नाही, तो आजही नाही! हे जमावं म्हणून १९०६ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदाच करून घेतला, कारण नेहमीच्या नियमांत इतके चिंचोळे, वळणाचे रस्ते बसत नव्हते.

आज तिथे मजूर औषधालाही सापडत नाही. घरांच्या किमती ऐकून आपल्याला घेरी यावी. कुंपण बदलायचं, झाड छाटायचं, दर्शनी भागात काही करायचं, तरी तिथल्या ट्रस्टची परवानगी लागते.

गंमत इथेच आहे. ते बांधलं सगळ्यांसाठी आणि झालं श्रीमंतांचं. आमच्या दादर-माटुंग्याचं नेमकं उलटं झालं.

---

किंग्जसर्कलकर

थेम्सकाठी ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. हे 'उलटं' कसं झालं ते लिहितो.

ट्रस्टच्या साहेबांच्या डोळ्यांपुढे होते स्वतंत्र बंगले. रुंद रस्ते, मोठे प्लॉट, मधोमध घर, भोवती बाग. पण दक्षिण मुंबईतला पैसेवाला मलबार हिल सोडून दलदलीच्या कडेला का येईल? प्लॉट वर्षानुवर्षं पडून राहिले. मग पहिलं महायुद्ध आलं, बांधकामाचे भाव चढले. १९२० नंतर खरी वस्ती व्हायला लागली, आणि आली कोण? रेल्वेतले, बँकेतले, सरकारी खात्यांतले कारकून. मद्रासकडून टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आलेले तमिळ. कोकणातले, देशावरचे, कारवारकडचे मराठी-कोकणी लोक. कच्छी व्यापारी. यांना बंगला कुठून परवडणार? म्हणून त्या बंगल्याच्या प्लॉटवर तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि एकेका मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. आपल्याकडे त्याला 'ब्लॉक' म्हणायचे. माझ्या आजीच्या पिढीत 'त्यांचा दादरला ब्लॉक आहे' हे वाक्य जरा आवाज चढवूनच म्हटलं जायचं.

म्हणजे घराला बाग नाहीच. बाग होती ती रस्त्याला, सर्कलला आणि मैदानाला. आणि तीच टिकली.

ब्लॉकबद्दल एक तपशील. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. ब्लॉकमध्ये तो पहिल्यांदा घरात आला, आणि सोवळ्याओवळ्याच्या घरांमध्ये यावरून केवढी चर्चा झाली असेल! तोडगा असा निघाला, की संडास-मोरी अगदी मागच्या टोकाला, स्वयंपाकघर-देवघरापासून जमेल तितकं लांब, आणि मागून चढणारा एक लोखंडी गोल जिना, सफाईवाल्यासाठी. पुढचा जिना मोझेकच्या फरशीचा, लाकडी कठड्याचा; मागचा जेमतेम एक माणूस मावेल इतका. जुन्या इमारतींच्या मागच्या बोळात डोकावलात तर हे गंजलेले जिने अजून दिसतात. हवेशीर, आधुनिक वस्ती म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्या नकाशातच जात अशी मागच्या दाराने ठेवलेली होती.

---

गल्लीनंबरतीन

किंग्जसर्कलकर, आमच्या इमारतीचा तो जिना मागच्या वर्षी कापून भंगारात दिला. लहानपणी लपाछपीला फार उपयोगी पडायचा. तो कशासाठी होता हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

वाडियाकडचाभाडेकरू

पारशी कॉलनीवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

मंचेरजी एडलजी जोशी. (हो, पारशी आणि जोशी. कोकणस्थांनी उगाच हुरळून जाऊ नये.) हे ट्रस्टमध्येच इंजिनिअर होते. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून कनिष्ठ मध्यमवर्गीय पारश्यांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. 'कनिष्ठ मध्यमवर्गीय' हे महत्त्वाचं. श्रीमंत पारश्यांना जागेची ददात नव्हतीच. फोर्ट-गिरगावातल्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या पारश्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

घरं बांधायच्या आधी कुठल्या रस्त्याला कुठलं झाड हे ठरवलं गेलं. एका रस्त्याला अशोक, एका रस्त्याला महोगनी. त्यामुळे आजही कॉलनीत रस्ता बदलला की सावलीचा पोत बदलतो. महोगनीचं फळ कुणी पाहिलंय का? मुठीएवढं, तपकिरी, लाकडासारखं टणक. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडावरच तडकतं, त्याची सालपटं खाली पडतात, आणि आतल्या पंखवाल्या बिया गरगर फिरत उतरतात. गाडी खाली लावली असेल तर टपावर 'टक' असा आवाज येतो, तो सालपटाचा. आमच्या घरमालकीणबाई त्या बिया झाडून गोळा करायच्या आणि कुंडीत रुजवायच्या. एवढं दांडगं झाड कुंडीत रुजवून पुढे काय करायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आणखी एक. मुंबईतल्या बाकीच्या पारशी वसाहती, म्हणजे खुसरो बाग वगैरे, फाटकाच्या आत असतात. दादरच्या कॉलनीला भिंत नाही. कुणीही चालत जावं. अग्यारी, शाळा, जिमखाना सगळं वस्तीत आहे, पण रस्ता सगळ्यांचा. फाइव्ह गार्डनला आता मंचेरजींचंच नाव आहे आणि जवळच त्यांचा पुतळा.

---

नुसतावाचक

फाइव्ह गार्डनला कुणी नाव घेऊन 'मंचेरजी जोशी उद्यान' म्हणतं का पण? रिक्षा तर तिथे येतच नाही, टॅक्सीवाल्याला 'फाइव्ह गार्डन' एवढंच कळतं.

---

व्हीजेटीआय९४

फाइव्ह गार्डनचा विषय निघाला आणि प्रेमी युगुलांचा उल्लेख नाही? हा धागा फारच सोज्वळ चाललाय. आमच्या कॉलेजच्या निम्म्या जोड्या तिथल्या कठड्यांवर जमल्या आणि निम्म्या तिथेच फुटल्या.

गंभीर भर: या वस्तीचं अर्धं रूप शिक्षणसंस्थांमुळे आहे. व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज भायखळ्याहून १९२३ मध्ये इथे आलं. बाकीची कॉलेजं: रुईया १९३७, खालसा १९३७, पोदार १९४१. एवढाल्या संस्थांना मैदानासकट जागा मिळाल्या, कारण ट्रस्टचे मोठे तुकडे अजून रिकामे होते. बंगल्यांचं स्वप्न फसलं त्याचा हाही एक फायदा.

---

दादरटीटी

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार छान भर पडतेय. भाडेपट्ट्याबद्दल थोडं सांगतो, कारण सगळ्याची किल्ली तिथे आहे असं माझं मत आहे.

ट्रस्ट प्लॉट विकत नसे, भाडेपट्ट्याने देई. म्हणून अटी घालता येत. किती मजले चढवायचे, रस्त्यापासून किती मागे सरून बांधायचं, बाजूला किती जागा सोडायची. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि ही जमीनदारी महापालिकेकडे आली. झाडं लावायला कुणी ना कुणी उत्साही मंचेरजी लागतातच, पण लावलेलं झाड शंभर वर्षं जगायला त्याच्या दोन्ही बाजूंना कुणीही न बांधलेली जमीन लागते. ती या रुक्ष कलमांनी दिली.

---

आर्किटेक्टबाई

+१. यात तांत्रिक भर.

इमारत रस्त्यापासून मागे सरली की दोन गोष्टी होतात. पुढच्या मोकळ्या पट्ट्यात मुळांना माती मिळते, आणि फांद्यांना भिंतीऐवजी हवा मिळते. दोन्ही बाजूंची झाडं मग रस्त्यावर एकमेकांना भेटतात. फोटोतली 'कमान' ती हीच. दोन मजली इमारत असली की झाडाचा शेंडा गच्चीच्या वर जातो. तुम्ही गॅलरीत उभे राहिलात तर पानांच्या मधोमध असता. सातव्या मजल्यावरून तेच झाड वरून दिसतं. राहण्याचा अनुभवच वेगळा.

आता पुनर्विकासात काय होतं? गाड्यांसाठी तळघर खणतात, ते प्लॉटच्या हद्दीपर्यंत. वर पोडियम, म्हणजे स्लॅबचा चौथरा. मोकळी जागा कागदावर असते, पण तिच्याखाली माती नसते, स्लॅब असतो. त्यावर फूटभर माती टाकून पाम लावतात आणि जाहिरातीत 'लँडस्केप्ड गार्डन' म्हणतात. रस्त्याकडेच्या झाडाची एका बाजूची मुळं तळघराने कापली, दुसऱ्या बाजूला फुटपाथचं काँक्रीट बुंध्याला भिडलं, की ते झाड कुणी न तोडता दहा वर्षांत पडतं. मग बातमी येते, 'वादळी वाऱ्याने झाड कोसळले'.

---

गल्लीनंबरतीन

आता मी जरा कडू बोलते, रागावू नका.

आमची इमारत १९३६ ची. पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कायमची भाड्याने घेतलेली. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. आणि घर आमच्या नावावर नाही, म्हणून भाडेकरू खिशात हात घालत नाहीत. पावसाळ्यात जिन्यात बादल्या असतात. सासूबाई ८१ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, लिफ्ट नाही. दोन मजल्यांची गोडी त्यांना विचारा. २०१२ मध्ये वारसा यादीचा मसुदा आला, त्यात शिवाजी पार्क, पारशी कॉलनी असे आख्खे परिसर घातले, तेव्हा किती लोक चिडले होते आठवतंय ना? आमच्याकडेही 'आमची घरं म्हणजे काय म्युझियम आहे का' असं लोक म्हणत होते, आणि त्यांना बिल्डरचे दलाल म्हणणारे बहुतेक दुसरीकडच्या टॉवरमध्ये राहत होते.

मला झाडं हवीत. सोनमोहर फुलला की आमची गल्ली पिवळी होते, तेव्हा मीही फोटो काढते. पण फोटो काढायला येणाऱ्यांनी वर येऊन छताची पोपडीही बघावी.

---

किंग्जसर्कलकर

ताई, यात कडू काही नाही. हेच खरं आहे. चांगल्या नियमांनी वस्ती उभी राहिली, पण ती राखायला पैसा कुठून यावा याचा विचार भाडे कायद्याने कधी केला नाही. हॅम्पस्टेडला घरमालकच तिथे राहतो म्हणून कुंपणाचे नियम तो मुकाट पाळतो. त्यात त्याच्या घराची किंमत वाढते. आपल्याकडे मालक एक, राहणारा दुसरा, जमीन तिसऱ्याची.

---

विहारवाट

एवढा मोठा धागा झाला आणि राजगृहाचा उल्लेख नाही, याचं नवल वाटलं.

हिंदू कॉलनीतलं 'राजगृह' डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं. मुख्यतः पुस्तकांसाठी, त्यांच्या संग्रहात ५०,००० च्या वर ग्रंथ होते. जवळच 'चार मिनार' ही दुसरी इमारत बांधली होती, ती पुढे विकली. राजगृह राहिलं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लोक शिवाजी पार्ककडून पूल ओलांडून इकडे येतात आणि ज्या गल्लीत एरवी दुपारी चिटपाखरू नसतं तिथे रांग लागते.

आता मूळ विषयाशी जोडतो. राजगृहात येण्याआधी बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले परळच्या बीआयटी चाळीत. दोन खोल्या. बीआयटी म्हणजे काय? बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट! ज्या ट्रस्टने दादरला बागेचे प्लॉट आखले, त्यानेच कामगारांसाठी या चाळी बांधल्या. एकच संस्था, एकाच रोगाच्या भीतीने, गरिबाला एक खोली आणि सामाईक नळ देते, आणि थोड्याच अंतरावर कारकुनाला ब्लॉक, झाड आणि मागचा जिना. तो जिना ज्या समाजातल्या माणसांना चढावा लागे, त्यांच्या नेत्याने त्याच वस्तीत प्लॉट घेऊन पुढच्या दाराने प्रवेश केला. हिंदू कॉलनीच्या इतिहासात याहून मोठी घटना मला दिसत नाही. झाडांबद्दल अवश्य लिहा, पण 'हिंदू कॉलनीचं वैशिष्ट्य काय' असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच.

---

थेम्सकाठी

विहारवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी त्याच कॉलनीत वाढले, शाळेतून येताना राजगृहावरून यायचे, आणि बीआयटी चाळ व आमची गल्ली एकाच ट्रस्टची हे आज कळलं.

---

दादरटीटी

विहारवाट यांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. वर हलवता येत नाही, म्हणून वाचकांनी तो आवर्जून वाचावा.

---

शिवाजीपार्की

सगळं ठीक, पण क्रिकेट? दादर युनियन क्लब माटुंग्याच्या दडकर मैदानावर आणि आम्ही शिवाजी पार्कवाले पश्चिमेला. गावसकर, वेंगसरकर त्यांचे, हे मान्य करावं लागतं. त्यांचा शिस्तीचा फार तोरा. स्वेटर-बूट टापटीप, मैदानात आरडाओरडा नाही. आमच्याकडे जरा मोकळं होतं. बागेच्या वस्तीचा परिणाम असावा.

---

व्हीजेटीआय९४

अवांतर होतंय म्हणून आणखी थोडं अवांतर: माटुंग्याचं खाणं. कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायक यांचं उडुपी १९४२ चं. रविवारी सकाळी कॅफे मद्रासच्या बाहेर नाव लिहून उभं राहायचं आणि समोरच्या झाडाखाली वाट बघायची. वर कुणीतरी मद्रासकडच्या टायपिस्टांबद्दल लिहिलंय ना, ही खानावळ-उडुपी मंडळी त्यांच्याच पोटापाण्यासाठी आली. एकटे, नोकरीला आलेले तरुण. घरी स्वयंपाक करणारं कुणी नाही.

---

नुसतावाचक

आर्किटेक्टबाई, एक विचारायचं होतं. आंबेडकर रोडवरचे ते प्रचंड पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) मधल्या काळात वाळले ते काँक्रीटमुळेच का?

---

आर्किटेक्टबाई

सगळे काँक्रीटमुळे नाही. दहाएक वर्षांपूर्वी मुंबईभर रेन ट्रीवर पिठ्या ढेकणाची साथ आली होती, फांद्यांवर कापूस चिकटल्यासारखं दिसायचं ते. रस शोषून झाड वाळवतो. पण जे झाड मुळाशी आधीच गुदमरलेलं, ते किडीपुढे लवकर मान टाकतं, असा माझा अंदाज. एकाच जातीची झाडं ओळीने लावण्याचा हा तोटाही आहे. एकाला लागलं की सगळ्या ओळीला लागतं. त्या दृष्टीने दर रस्त्याला वेगळं झाड ही पारशी कॉलनीची पद्धत शहाणपणाची.

---

गल्लीनंबरतीन

आर्किटेक्टबाई, आमचाही पुनर्विकास होणारच आहे, वर्ष-दोन वर्षांत. कुंपणालगत दोन जुनी झाडं आहेत. सोसायटी म्हणून आम्ही नेमकं काय मागायचं? 'झाडं वाचवू' असं बिल्डर तोंडी म्हणतोय.

---

आर्किटेक्टबाई

तोंडी काही घेऊ नका. करारात घाला. पहिलं, तळघराची हद्द झाडाच्या बाजूने आत घ्यायला लावा. पार्किंगच्या चार-पाच गाड्या कमी होतील, त्यावर लोक भांडतील, तयारी ठेवा. दुसरं, नकाशात झाड हे नुसतं टिंब म्हणून दाखवतात. बुंध्याबरोबर फांद्यांचा घेर काढून घ्या, निदान तेवढ्यात खणायचं नाही असं लिहून घ्या. तिसरं, 'पुनर्रोपण' हा शब्द दिसला की थांबा. एवढी जुनी झाडं उपटून दुसरीकडे लावली की बहुतेक जगत नाहीत. आणि लिफ्ट मागताना संकोच करू नका, झाड आणि लिफ्ट यांचं वैर नाही.

---

गल्लीनंबरतीन

लिहून घेतलं. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पार्किंगवरून पहिलं भांडण आमच्या घरातच होणार, नवऱ्याने दोन गाड्यांची जागा मागितलीय.